स्विच आपोआप का पालटतो? फेजच्या इंटिग्रेजवर चालणाऱ्या जनुकीय स्विचविषयी

प्रश्न एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने ई. कोलाय जिवाणूमध्ये 'एकदा पाहिले की विसरायचे नाही' अशा प्रकारचा स्विच बांधला आहे. बीएक्सबी-१ या फेजचा (जिवाणूला लागण करणाऱ्या विषाणूचा) इंटिग्रेज, म्हणजे डीएनए कापून जोडणारे विकर (एन्झाइम), अरॅबिनोज या साखरेवर चालणाऱ्या प्रमोटरच्या (जनुकाचे वाचन सुरू करणाऱ्या डीएनए-तुकड्याच्या) ताब्यात आहे, आणि त्याच प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळावर) दोन ॲट-स्थळांच्या, म्हणजे इंटिग्रेज जिथे कापतो त्या जागांच्या, मध्ये दुसरा एक प्रमोटर ठेवलेला आहे. तो एका दिशेला तोंड करून असला की पेशी लाल दिसते आणि उलटला की हिरवी. तक्रारी तीन आहेत: अरॅबिनोज न घालताही हिरव्या पेशी दिसतात, अरॅबिनोज घातल्यावर सगळ्या पेशी हिरव्या होत नाहीत, आणि एक्सिजनेज (इंटिग्रेजला उलट दिशेने जोडायला लावणारे प्रथिन) घालून स्विच मागे फिरवायला गेले की तो निम्म्यावर अडकतो. तेव्हा हा सगळा खटाटोप सोडून दोन रिप्रेसरांचा (जनुक दाबून ठेवणाऱ्या प्रथिनांचा) टॉगल स्विच घ्यावा का, असे तिने विचारले आहे.

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: सोडू नका. तुमच्या वर्णनावरून स्विचची स्मृती उत्तम काम करते आहे. बिघाड आहे तो स्विच दाबणाऱ्या बोटात, म्हणजे इंटिग्रेज किती, केव्हा आणि किती वेळ तयार होतो यात. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण ॲट-स्थळांच्या मांडणीवर महिने घालवतात आणि इंटिग्रेजच्या प्रमोटरकडे 'तो तर तयार मिळतो' म्हणून दुर्लक्ष करतात. मीही तेच केले होते.

टॉगल स्विच आणि हा स्विच यांतला फरक आधी नीट पाहू, कारण पुढचे निदान त्यावरच उभे आहे. गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी २००० साली मांडलेल्या टॉगल स्विचमध्ये दोन रिप्रेसर एकमेकांना दाबून धरतात. ज्याची सरशी झालेली असेल तो आपली सरशी टिकवण्यासाठी सतत तयार होत राहावा लागतो. पेशीची वाढ मंदावली किंवा प्रथिनांची संख्या योगायोगाने खालीवर झाली, तर पारडे फिरू शकते, आणि पेशी मेली की तिची नोंदही गेली. रिकॉम्बिनेजवर (इंटिग्रेजसारख्या, डीएनए कापून जोडणाऱ्या विकरावर) चालणाऱ्या स्विचमध्ये नोंद डीएनएच्या अक्षरांच्या क्रमात असते. ती टिकवण्यासाठी पेशीला काहीही खर्च करावा लागत नाही. डीएनएची नक्कल होते तेव्हा नोंदीचीही नक्कल होते, आणि पेशी मेल्यावरसुद्धा तुम्ही पीसीआर करून ती वाचू शकता. तुम्हाला 'हा जिवाणू अमुक रसायनाच्या संपर्कात कधी आला होता का' एवढेच नोंदवायचे असेल, तर याहून योग्य साधन माझ्या माहितीत नाही.

इंटिग्रेज हे विकर फेजकडे का असते, हेही लक्षात घ्यायला हवे. बीएक्सबी-१ हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या मातीत सापडलेला, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जिवाणूला लागण करणारा विषाणू आहे. जिवाणूला लगेच मारण्याऐवजी त्याच्या गुणसूत्रात शिरून मुक्काम करण्याची सोय त्याच्याकडे असते. फेजच्या डीएनएवर ॲट-पी नावाचे एक छोटे स्थळ असते आणि जिवाणूच्या गुणसूत्रावर, या फेजच्या बाबतीत ग्रोईएल-१ या जनुकाच्या आत, ॲट-बी नावाचे दुसरे. इंटिग्रेज ही दोन स्थळे पकडतो, कापतो आणि अदलाबदल करून जोडतो. त्यातून ॲट-एल आणि ॲट-आर ही दोन नवी, संकरित स्थळे तयार होतात. मुक्कामाला आलेल्या विषाणूच्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की, नुसत्या इंटिग्रेजला ही नवी स्थळे उलट जोडता येत नाहीत. तसे जमले असते तर विषाणू आत शिरता शिरताच बाहेर पडला असता. बाहेर पडण्यासाठी त्याला एक्सिजनेज, म्हणजेच दिशा पालटणारा घटक, स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. बीएक्सबी-१ मध्ये हे काम जीपी-४७ हे प्रथिन करते. विषाणूने स्वतःच्या गरजेपोटी बसवलेली ही खिटी आपण स्विचसाठी उसनी घेतली आहे.

क्रे हा पी-१ फेजचा रिकॉम्बिनेज पुष्कळांच्या परिचयाचा असतो, म्हणून विद्यार्थी त्यापासून सुरुवात करतात. त्याची लॉक्स-पी स्थळे ३४ बेसची, दोन्ही एकसारखी, आणि जोडणीनंतरही एकसारखीच राहतात. त्यामुळे क्रेने उलटवलेला तुकडा तोच क्रे पुन्हा सुलट करतो, आणि शेवटी साधारण निम्म्या पेशी इकडे, निम्म्या तिकडे असा तोल साधला जातो. तुकडा कायमचा काढून टाकायचा असेल तर क्रे उत्तम आहे. उलटवून धरून ठेवायचा असेल, तर बदललेली लॉक्स-स्थळे वगैरे युक्त्या कराव्या लागतात. सेरीन इंटिग्रेजमध्ये, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाने डीएनए तोडणाऱ्या बीएक्सबी-१ सारख्या इंटिग्रेजमध्ये, एकदिशपणा मुळातच आहे.

आता कापण्या-जोडण्याची क्रिया जरा जवळून पाहा. इंटिग्रेजच्या दोन रेणूंची जोडी ॲट-बीवर बसते, दुसरी जोडी ॲट-पीवर. दोन्ही जोड्या एकत्र आल्या की चारही रेणू आपापल्या सेरीनने, बीएक्सबी-१ मध्ये दहाव्या क्रमांकाच्या सेरीनने, डीएनएचे चारही धागे तोडतात आणि तुटलेली टोके स्वतःला बांधून ठेवतात. प्रत्येक टोकाला दोन बेसचा मोकळा तुकडा उरतो, बीएक्सबी-१ मध्ये जी-टी. मग या चौकडीचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्या भागावर १८० अंशांनी फिरतो. फिरल्यावर मोकळी टोके समोरच्या टोकांशी जुळली तर जोडली जातात. जुळली नाहीत तर चौकडी आणखी फिरून पूर्वीच्या जागी येते आणि डीएनए होता तसाच शिवला जातो. या सगळ्यात एटीपी लागत नाही आणि पेशीतले दुसरे कोणतेही मदतनीस प्रथिन लागत नाही. लॅम्डा फेजच्या इंटिग्रेजला जिवाणूचे आयएचएफ हे प्रथिन लागते. इथे तसे काही नाही, म्हणूनच हे इंटिग्रेज ई. कोलायपासून माणसाच्या पेशींपर्यंत कुठेही चालतात.

मधल्या दोन बेसना फार महत्त्व आहे. स्थळाची दिशा तेच ठरवतात, कारण जी-टी उलट वाचले की ए-सी होते आणि चुकीच्या दिशेने आलेली टोके जुळतच नाहीत. दोन स्थळे एकमेकांकडे तोंड करून ठेवली तर मधला तुकडा उलटतो, एकाच दिशेने ठेवली तर तो निखळून बाहेर पडतो. दोन बेसच्या सोळा शक्य जोड्यांपैकी ए-टी, टी-ए, जी-सी आणि सी-जी या चार उलटसुलट सारख्याच वाचल्या जातात, म्हणून त्या बाद. उरलेल्या बारांमध्ये दोन-दोन एकच अर्थ सांगतात, म्हणजे एकाच इंटिग्रेजसाठी एकमेकांत न मिसळणारे सहा स्थळसंच मिळतात. तुमच्या रचनेत स्थळे मागवताना मधले दोन बेस बदललेले नाहीत ना, हे क्रमवाचन करून पाहिले असेलच. नसेल तर आजच पाहा. मागवलेल्या प्रायमरमधली (डीएनएच्या छोट्या कृत्रिम तुकड्यातली) एका अक्षराची चूक महिनाभर छळते.

आता पहिली तक्रार. अरॅबिनोज न घालता हिरव्या पेशी दिसतात, याचे कारण प्रमोटरची गळती, म्हणजे संकेत नसतानाही थोडे वाचन होत राहणे. पण गळती साध्या रिपोर्टरमध्ये (नुसता रंग किंवा उजेड देणाऱ्या जनुकात) वेगळी वागते आणि इथे वेगळी. साध्या रिपोर्टरमध्ये गळती म्हणजे थोडासा उजेड. गळती एक टक्का असेल तर उजेडही एक टक्का, आणि तो कायम तेवढाच राहतो. इथे पेशी एकदा पालटली की तिची सगळी संतती पालटलेलीच जन्मते, म्हणून गळती साचत जाते. हिशेब करून पाहा. समजा प्रत्येक पिढीत एका पेशीची विनाकारण पालटण्याची शक्यता एक टक्का आहे. एका पेशीपासून वाढत वाढत पाच मिलिलिटर दाट कल्चर व्हायला, म्हणजे साधारण हजार कोटी पेशी व्हायला, सुमारे तेहतीस पिढ्या लागतात. ०.९९ चा तेहतिसावा घात ०.७२ येतो. म्हणजे अरॅबिनोजचा थेंबही न घालता अठ्ठावीस टक्के पेशी हिरव्या. मग तुम्ही रोज हजारास एक या प्रमाणात कल्चर पातळ करून पुढे वाढवता, त्यात दररोज आणखी दहा पिढ्या जातात. दहा दिवसांनी लाल पेशी जेमतेम सव्वीस टक्के उरतात. हीच गळती एक टक्क्याऐवजी एक दशांश टक्का असती, तर तेहतीस पिढ्यांनंतर तीन टक्के आणि एकशे तेहतीस पिढ्यांनंतर साडेबारा टक्के पेशी पालटल्या असत्या. तुमच्या कल्चरमध्ये पहिल्या दिवशी किती आणि दहाव्या दिवशी किती हिरव्या पेशी आहेत, हे दोन आकडे मोजा. लाल आणि हिरव्या पेशी सारख्याच वेगाने वाढतात असे गृहीत धरले, तर त्यांवरून तुमच्या गळतीचा दर थेट काढता येईल.

याहूनही सोपी चाचणी प्लेटवर होते. अरॅबिनोज नसलेल्या प्लेटवर पेशी विरळ पसरा आणि वसाहती पूर्ण वाढू द्या. निळ्या उजेडाखाली बघितल्यावर तीन प्रकारच्या वसाहती दिसतील. पूर्ण लाल म्हणजे काही घडले नाही. पूर्ण हिरवी म्हणजे प्लेटवर टाकण्याआधीच पेशी पालटली होती, दोष तुमच्या कल्चरमध्ये किंवा स्टॉकमध्ये आहे. तिसरा प्रकार सर्वांत बोलका: लाल वसाहतीत केंद्राजवळून कडेपर्यंत रुंदावत गेलेली हिरवी फोड, कलिंगडाची काप असावी तशी. ती पेशी प्लेटवर असतानाच पालटली आहे. फोड जितकी रुंद तितकी ती लवकर पालटली, आणि कडेला नुसतीच बारीक हिरवी पट्टी असेल तर अगदी शेवटी. अशा फोडा मोजल्या की गळती चालू आहे की जुनी आहे, हे फ्लो सायटोमीटरशिवाय (एकेका पेशीचा रंग मोजणाऱ्या यंत्राशिवाय) कळते.

गळती कमी करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, पण सगळे एकदम वापरू नका. अरॅबिनोज प्रमोटरला ग्लुकोजने दाबता येते. कल्चर वाढवताना माध्यमात ०.२ ते ०.५ टक्के ग्लुकोज ठेवा. मात्र अरॅबिनोज देण्याआधी पेशी धुऊन ते काढून टाका, नाहीतर अरॅबिनोजचा परिणामच दिसणार नाही आणि तुम्ही दोष इंटिग्रेजला द्याल. दुसरा मार्ग म्हणजे इंटिग्रेजचे भाषांतर (जनुकाच्या संदेशावरून प्रथिन बनणे) मंद करणे: रायबोसोम बसण्याची जागा दुबळी करा, किंवा एटीजीच्या जागी जीटीजी हा सुरुवातीचा कोडॉन ठेवा. तिसरा, इंटिग्रेजच्या शेपटाला एसएसआरए जातीची लघु खूण जोडणे, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणारी यंत्रणा तो लवकर संपवते. या विकराचे थोडे रेणूही काम उरकून टाकतात, त्यामुळे पूर्ण उत्पादन किती आहे यापेक्षा शांत अवस्थेत किती आहे याला महत्त्व द्यावे लागते.

तुमच्या रचनेत मला आणखी एक शंका आहे. इंटिग्रेजचे जनुक आणि उलटणारा प्रमोटर एकाच प्लास्मिडवर आहेत. उलटणारा प्रमोटर दोन अवस्थांपैकी एकीत इंटिग्रेजच्या दिशेने तोंड करून उभा असणार. तो जोरकस असेल आणि मध्ये भक्कम टर्मिनेटर (वाचन थांबवणारा डीएनए-तुकडा) नसेल, तर वाचन पुढे वाहत जाऊन इंटिग्रेजच्या जनुकात शिरते, आणि तुमचा स्विच स्वतःच स्वतःला दाबतो. प्रतिजैविक-प्रतिकाराच्या जनुकाचा प्रमोटरही असाच उपद्रव देतो. मुळात डीएनए खरोखर पालटतो आहे का, याची खात्री करायला दहाव्या सेरीनच्या जागी ॲलनीन घातलेला, डीएनए कापू न शकणारा इंटिग्रेज तुलनेसाठी बांधा. तोही हिरवा दिसला तर डीएनए पालटलेलाच नाही, नुसते वाचन पलीकडे वाहते आहे. तो पूर्ण लाल राहिला तर खरी गळती आहे. ही तुलना केल्याशिवाय पुढचे कोणतेही पाऊल टाकू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी तक्रार, अरॅबिनोज घालूनही सगळ्या पेशी हिरव्या होत नाहीत. यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली अरॅबिनोजचीच. कमी मात्रेत प्रत्येक पेशी थोडी थोडी जागी होत नाही. काही पेशी पूर्ण जाग्या होतात आणि बाकीच्या झोपलेल्याच राहतात, कारण अरॅबिनोज आत ओढणारी यंत्रणाही अरॅबिनोजनेच चालू होते. म्हणून मात्रा ०.२ टक्क्यांपर्यंत न्या. शिवाय डीएच-५-अल्फासारखे ई. कोलायचे वाण अरॅबिनोज खाऊन टाकतात. टॉप-१० या वाणात ते खाणारी जनुके काढलेली असतात.

दुसरी गोष्ट प्लास्मिडच्या प्रतींची. पीयूसी जातीच्या प्लास्मिडच्या एका पेशीत शेकडो प्रती असतात. त्यांतल्या काही पालटतात, काही नाही, आणि ती पेशी लालही असते आणि हिरवीही. फ्लो सायटोमीटरवर तुम्हाला जो मधला, पिवळट गट दिसत असेल तो हाच. पुढच्या पिढ्यांत या प्रती दैवयोगाने वाटल्या जातात, त्यामुळे आज मधे असलेल्या पेशींची संतती आठवड्याने दोन टोकांना गेलेली दिसते आणि स्विच 'हळूहळू चालतो' असा भ्रम होतो. त्यातच एका प्लास्मिडवरचे ॲट-बी दुसऱ्या प्लास्मिडवरच्या ॲट-पीशी जोडले जाऊन मोठी, गुंतलेली प्लास्मिडेही तयार होतात. रिपोर्टर शक्यतो गुणसूत्रात बसवा. ते जमत नसेल तर पीएससी-१०१ जातीच्या, पेशीत पाचेक प्रती असणाऱ्या प्लास्मिडवर ठेवा. गुणसूत्रातही जलद वाढीच्या काळात नक्कल चालू होण्याच्या जागेजवळ एकाहून जास्त प्रती असतात, हे मात्र ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट मापनाची आहे, आणि तिच्यामुळे चांगले स्विच उगाच बदनाम होतात. डीएनए पालटला तरी आधी तयार झालेले लाल प्रथिन लगेच नाहीसे होत नाही. पेशी विभागत जातील तसे ते पातळ होत जाते. अरॅबिनोज दिल्यावर दोन तासांनी मोजले तर पालटलेली पेशीही लालच दिसेल. पेशी धुऊन, अरॅबिनोज नसलेल्या माध्यमात आठ-दहा पिढ्या वाढवा आणि मग मोजा. डीएनएची स्थिती तत्काळ हवी असेल तर ॲट-एल आणि ॲट-आरच्या सांध्यांवर पडणारे प्रायमर वापरून पीसीआर करा. आणखी एक: पालटण्याआधी रिपोर्टरच्या तोंडाशी जे स्थळ असते ते नंतर बदलते, म्हणून लाल आणि हिरव्याच्या तेजाची एकमेकांशी तुलना करून निष्कर्ष काढू नका.

आता तिसरी तक्रार, मागे फिरवण्याची. इथे मला आधी विचारायचे आहे की तुम्हाला मागे फिरायचे कशासाठी आहे? संपर्काची नोंद ठेवणाऱ्या स्विचला पुसण्याची गरज नसते. पुसता येणारी स्मृती बनवणे हे वेगळ्याच तोलाचे काम आहे. स्टॅनफर्डमध्ये बॉने, सुबसूनटॉर्न आणि एंडी यांनी याच बीएक्सबी-१ चा इंटिग्रेज आणि एक्सिजनेज घेऊन २०१२ साली पुनःपुन्हा लिहिता-पुसता येणारा एक बिट दाखवला. त्यासाठी त्यांना तीन वर्षे लागली आणि साडेसातशेच्या घरात प्रयत्न करावे लागले. तो बिट शंभराहून जास्त पिढ्या टिकला.

अवघड काय आहे ते असे. पुढे जायला नुसता इंटिग्रेज लागतो, आणि मागे यायला इंटिग्रेज अधिक भरपूर एक्सिजनेज. एक्सिजनेज कमी पडला, तर पेशीत मोकळा इंटिग्रेज उरतो आणि तो मागे आलेल्या तुकड्याला पुन्हा पुढे ढकलतो. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू राहतात आणि तुम्हाला निम्मे-निम्मे दिसते. खरी फसगत होते ती प्रेरक (अरॅबिनोजसारखे, प्रमोटर चालू करणारे रसायन) काढून घेतल्यानंतर. समजा मागे फिरवण्याचे काम पूर्ण झाले आणि तुम्ही पेशी धुतल्या. आता पेशीत दोन्ही प्रथिने उरलेली आहेत आणि दोन्ही घटत आहेत. एक्सिजनेज आधी संपला, तर उरलेला इंटिग्रेज शेवटच्या काही मिनिटांत सगळे काम उलटे करून ठेवतो. म्हणून मोडण्याची खूण इंटिग्रेजला लावायची आणि एक्सिजनेजला टिकाऊ ठेवायचे. नेमके याच्या उलट केलेल्या रचना मी पाहिल्या आहेत. दोन्ही प्रथिने एकाच साखळीत जोडून प्रमाण कायमचे बांधून टाकणे, हा फाय-सी-३१ या स्ट्रेप्टोमायसिस फेजच्या इंटिग्रेजवर यशस्वी ठरलेला उपाय आहे. तरीही तुमच्या प्रकल्पाची मुदत सहा महिने असेल तर मागे फिरणे वगळा. मार्गदर्शकांना ते आवडणार नाही, पण चालणारा एकदिश स्विच हा अडकलेल्या दुदिश स्विचपेक्षा लिहायलाही सोपा जातो.

वेळ उरला तर तो दुसऱ्या इंटिग्रेजवर खर्च करा, कारण या साधनाची खरी मजा तर्कजोडणीत आहे. एका प्रमोटरपुढे दोन टर्मिनेटर ओळीने ठेवा. पहिल्याला बीएक्सबी-१ ची स्थळे दोन्ही बाजूंनी लावा आणि दुसऱ्याला टीपी-९०१-१ या दुसऱ्या फेजच्या इंटिग्रेजची. टर्मिनेटर असा निवडा की तो एकाच दिशेने वाचन अडवतो. एक संकेत आला की एक टर्मिनेटर उलटून रस्ता देतो, पण दुसरा अजून आडवा असतो. दोन्ही संकेत आले तरच वाचन पलीकडे पोचते. हे 'आणि' द्वार झाले. आता एकच टर्मिनेटर घ्या आणि त्याच्याभोवती दोन्ही इंटिग्रेजची स्थळे एकात एक ठेवा. कोणताही एक संकेत आला की टर्मिनेटर उलटतो आणि रस्ता मोकळा होतो. दोन्ही आले तर तो दोनदा उलटून पुन्हा आडवा होतो. दोन सुट्या घटकांच्या प्रथिनजाळ्यात जे द्वार जमवायला घाम फुटतो, ते 'दोहोंपैकी नेमके एक' असे द्वार इथे एका टर्मिनेटरवर होते. बॉने आणि एंडी यांच्या गटाने २०१३ साली अशी द्वारे दाखवली. त्याच वर्षी एमआयटीमध्ये स्यूटी, याझबेक आणि लू यांनी बीएक्सबी-१ आणि फाय-सी-३१ वापरून दोन संकेतांची सोळाही तर्कद्वारे बांधली आणि ती किमान नव्वद पिढ्या टिकल्याचे दाखवले. पुढे २०१४ साली व्हॉइट यांच्या प्रयोगशाळेने एकमेकांत ढवळाढवळ न करणारे अकरा इंटिग्रेज गोळा केले. अकरा बिट, म्हणजे १.३७५ बाइट. संगणकवाल्यांना हा आकडा सांगितला की ते हसतात. त्यांना आपण सांगावे की ही स्मृती स्वतःच्या प्रती स्वतः काढते.

संकेतांचा क्रमही नोंदवता येतो. स्थळे एकमेकांत गुंतवली की आधी 'क' आणि मग 'ख' आल्यावर एक रचना उरते, आणि आधी 'ख' मग 'क' आल्यावर दुसरी, कारण पहिल्याने काही स्थळेच कापून टाकलेली असतात. रोके आणि लू यांच्या गटाने २०१६ साली दोन संकेतांसाठी पाच आणि तीन संकेतांसाठी सोळा अवस्था वेगळ्या करून दाखवल्या. प्रत्यक्ष वापराचे उदाहरण हवे असेल तर फ्रान्समधल्या माँपेलियेच्या गटाने २०१५ साली मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर ओळखणारे जिवाणू याच तंत्राने तयार केले होते, ते काम वाचा. तुमच्या प्रकल्पाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे आहे.

हे साधन कुठे वापरू नये, तेही सांगतो. संकेताची तीव्रता मोजायची असेल तर एका पेशीकडून 'हो' किंवा 'नाही' एवढेच मिळते. किती टक्के पेशी पालटल्या यावरून अंदाज बांधता येतो, पण गळती आणि संपर्काचा कालावधी दोन्ही त्या आकड्यात मिसळलेले असतात. मंद संकेत दीर्घकाळ आणि जोरकस संकेत थोडा वेळ, हे दोन्ही सारखेच दिसू शकतात. संकेत गेल्यावर स्विच आपोआप पूर्ववत व्हायला हवा असेल, तर मात्र रिप्रेसरच घ्या. आणि असे जिवाणू प्रयोगशाळेबाहेर, मातीत किंवा पाण्यात सोडण्याचा विचार असेल, तर जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या भारतातल्या १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून सुरुवात करावी लागते. त्यासाठी लागणारा वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात आधीच धरा.

शेवटची गोष्ट स्टॉकची, कारण माझे सर्वाधिक महिने तिने खाल्ले. एका प्रकल्पात आमच्याकडे उत्तम चालणारा स्विच होता. रात्रभर वाढलेल्या कल्चरमधून मी ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ऐंशीमध्ये ठेवला आणि चार महिन्यांनी काढला, तर पंधरा टक्के पेशी आधीच हिरव्या. सहकाऱ्यांनी अतिशीत कपाटावर संशय घेतला, मी माध्यमावर. दोष माझाच होता: तो स्टॉक एका वसाहतीपासून नव्हे, तर तीनदा पातळ करून पुढे नेलेल्या कल्चरपासून केलेला होता, आणि त्या सगळ्या पिढ्यांची गळती त्यात साचलेली होती. तेव्हापासून मी ग्लुकोज असलेल्या प्लेटवरची, फोड नसलेली पूर्ण लाल वसाहत उचलतो, तिच्या ॲट-एल सांध्याची पीसीआर करून तो सांधा दिसत नाही याची खात्री करतो, कल्चर ग्लुकोजमध्येच आणि दाट होण्याआधीच थांबवतो, आणि एका मोठ्या कुपीऐवजी वीस छोट्या कुप्या भरतो. दर प्रयोगाला नवी कुपी काढायची आणि उरलेले फेकून द्यायचे. उरलेल्या कल्चरमधून पुन्हा स्टॉक करण्याचा मोह होतो, विशेषतः शेवटची कुपी हातात असताना. त्या वेळी पुन्हा प्लेटवर जा आणि लाल वसाहत शोधा.